चौदा वर्षे न उपसलेली सेप्टिक टाकी, आणि फक्त गौरी-गणपतीतच तुंबणारा संडास

माडाखाली (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

आमचे घर गुहागर तालुक्यात, डोंगरउतारावरच्या वाडीत आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचे हे घर २०१० साली बांधून झाले. आता तिथे आई-बाबा दोघेच राहतात आणि मी पुण्याहून महिन्या-दोन महिन्यांनी जातो. मागील दारी सेप्टिक टाकी आहे व तिच्या पलीकडे शोषखड्डा आहे. बाबांच्या वहीत टाकीची आतली मापे लिहून ठेवलेली आहेत: लांबी २ मीटर, रुंदी ९० सेंटिमीटर, आणि बाहेर जाणाऱ्या पाइपापर्यंत पाण्याची खोली १.४ मीटर. म्हणजे सुमारे अडीच हजार लिटर. संडास आणि न्हाणीघर या दोन्हींचे पाणी तिच्यातच जाते. स्वयंपाकघराचे पाणी मात्र पहिल्यापासून केळींना सोडलेले आहे.

ज्या गवंड्याने टाकी बांधली त्याने "ही टाकी तुमच्या नातवंडांनाही उपसावी लागणार नाही" असे सांगितले होते, आणि चौदा वर्षे ते खरेही ठरले. बाबा ही गोष्ट आल्यागेल्याला अभिमानाने सांगत असत. गेल्या वर्षी, २०२४ च्या गणपतीत, घरात सतरा माणसे होती. गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी संडासाच्या भांड्यातले पाणी उतरेना, आणि थोड्या वेळाने न्हाणीघराच्या जाळीतून बुडबुडे येऊ लागले. धावपळ करून चिपळूणहून मैला उपसणारी गाडी आणली. गाडीची टाकी ४,००० लिटरची होती, ती पूर्ण भरली, पैसे घेऊन गाडी गेली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार सुरू झाला. पाहुणे गेल्यावर, पितृपक्षात, सगळे आपोआप सुरळीत झाले. मला चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की दिवाळीत पुन्हा चौदा माणसे आठ दिवस राहून गेली, तरी तेव्हा काहीही झाले नाही.

आता यंदाच्या गणपतीपूर्वी हे मार्गी लावायचे आहे. टाकी मुळात किती वर्षांनी उपसावी लागते? हार्डवेअरच्या दुकानदाराने जिवाणूंची पावडर दाखवली आणि ती दरमहा टाकल्यास उपसण्याची गरजच राहत नाही असे सांगितले. शेजारचे काका शेणकाला ओतायला सांगतात. आई आठवड्यातून दोनदा संडासात फिनेल आणि कधीतरी ॲसिड टाकते, त्याने टाकी बिघडते का? आणि शेवटचा प्रश्न मी जरा भीतभीतच विचारतो: आमची विहीर शोषखड्ड्यापासून ११ मीटरवर आहे, आणि ती उताराच्या खालच्या अंगाला आहे. पाण्याला वास नाही, चव चांगली आहे. तरी काळजी करावी का?

ओळंबा

मी पाणीपुरवठा व स्वच्छतेच्या कामांवर पस्तीस वर्षे काढून निवृत्त झालो आहे, त्यामुळे उत्तर लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

तुमचा शेवटचा प्रश्न पहिला घेतो. काळजी करावी. सेप्टिक टाकीसाठी भारतीय मानक २४७० आहे, त्याच्या दुसऱ्या भागात शोषखड्डा किंवा शोषचर पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावा असे सांगितले आहे. तुमचा खड्डा ११ मीटरवर आहे, विहीर खालच्या बाजूला आहे, आणि जमीन जांभ्याची आहे. जांभा वरून दिसायला टणक, पण आतून भोकाभोकांचा आणि भेगाळ असतो. त्यातून पाणी मातीतल्यासारखे गाळून निघत नाही, वाट सापडली की सरळ धावते. वास आणि चव यांवर विसंबू नका, कारण जुलाब लावणाऱ्या जंतूंना चव नसते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून पाण्याचा नमुना तपासून घ्या. मैल्याचे जंतू ओळखणारी एच-टू-एसची लहान बाटली मिळाली तर तपासणी घरीच करता येते: खुणेपर्यंत विहिरीचे पाणी भरून बाटली सावलीत ठेवायची आणि २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडते का ते पाहायचे. काळे पडले तर पाणी पिण्यालायक नाही असे समजायचे. तोपर्यंत विहिरीचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

आता टाकीविषयी. सेप्टिक टाकी मैला नाहीसा करत नाही, ती तो निथळवते. जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग सायीसारखा वर तरंगतो, आणि मधले पाणी बाहेर पडते. तळाच्या गाळाचा काही भाग हवेशिवाय जगणारे जिवाणू कुजवतात, म्हणून तो भराभर वाढत नाही, पण वाढतोच. दहा माणसांच्या घरासाठी आणि तीन वर्षांच्या उपशासाठी मानकात जे माप आहे, तेच तुमच्या बाबांच्या वहीत आहे, म्हणजे बांधकाम करताना कोणीतरी पुस्तक उघडलेले दिसते. सर्वसाधारण घराने दोन ते तीन वर्षांनी टाकी उपसावी. दोघेच राहत असतील तर चार-पाच वर्षे चालेल, पण चौदा नाही.

म्हणूनच "कधी भरतच नाही" हे ऐकले की माझ्या मनात पाल चुकचुकते. पाणी न झिरपणारी टाकी पहिल्या काही दिवसांतच बाहेरच्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरते आणि त्यानंतर कायम तितकीच भरलेली राहते. एक बादली आत गेली की एक बादली बाहेर जाते. जी टाकी रिकामी-रिकामी राहते, तिचे पाणी कुठेतरी खाली जात असते. कोकणात मी अशा कितीतरी टाक्या पाहिल्या आहेत, ज्यांना चार भिंती आहेत, वर स्लॅब आहे, पण तळाला काँक्रीटच घातलेले नाही. खर्च वाचतो, आणि गवंड्याला नातवंडांचे आश्वासनही देता येते.

तुमच्या तीनही कोड्यांचे उत्तर मला इथेच दिसते. भाद्रपदात उतारावरची जमीन पाण्याने तुडुंब असते, तेव्हा तळ नसलेल्या टाकीत आतले पाणी बाहेर जाण्याऐवजी बाहेरचे पाणी आत येते. दिवाळीपर्यंत भूजल खाली उतरलेले असते, म्हणून चौदा माणसे असूनही काही होत नाही. आणि अडीच हजार लिटरच्या टाकीतून ४,००० लिटर निघाले, तर वरचे दीड हजार आले कुठून, हा प्रश्न त्याच दिवशी पडायला हवा होता. तुम्हाला सणाच्या गडबडीत सुचले नाही यात दोष नाही, पण गाडीवाल्याला सुचायला हवे होते.

हे ताडून पाहण्यासाठी मे महिन्यात पुढील गोष्टी करा. झाकण उघडताना जवळ विडी, काडी, दिवा काही नको, कारण आत मिथेन असतो. उघडल्यावर पंधरा-वीस मिनिटे दूर थांबा, आणि नंतरही तोंड वाकवून आत डोकावू नका, बाजूला उभे राहून काम करा. पाण्याची पातळी बाहेरच्या पाइपाच्या किती खाली आहे ते मोजा. मग एका सरळ बांबूच्या खालच्या मीटरभर भागाला जुना पांढरा पंचा घट्ट गुंडाळून तो हळूच तळापर्यंत उभा सोडा, तीन-चार मिनिटे तसाच धरा आणि हळूहळू वर काढा. गाळाच्या उंचीपर्यंत पंचा काळा झालेला असतो आणि त्याच्या वर नुसता मळकट. ही रेघ स्पष्ट दिसते. गाळ आणि वरची साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशाहून जास्त झाली असेल तर उपसा करायला हवा.

पावडर घेऊ नका. लागणारे जिवाणू माणसाच्या विष्ठेतूनच रोज पुरेसे येतात, आणि कोणतीही पावडर वाळू, माती, केस व न कुजणारा गाळ विरघळवत नाही. शेणाचे तसे नाही, त्याला एक जागा आहे. नवी टाकी सुरू करताना ती पाण्याने भरून तिच्यात जुन्या टाकीतला थोडा मुरलेला गाळ, तो नसेल तर चांगले कुजलेले शेण, विरजण म्हणून घालतात. चालू टाकीत शेणकाला ओतणे म्हणजे आपणच गाळ वाढवणे. आईंचे फिनेल आठवड्यातून दोनदा, झाकणभर असेल तर अडीच हजार लिटरला ते काही करत नाही. ॲसिडची बाटलीच्या बाटली ओतू नये, एवढेच सांगा, नाहीतर उगाच घरात वाद.

काळीमाती

माडाखाली, आमचे घर निफाड तालुक्यात आहे, म्हणजे तुमच्या अगदी उलट जमीन. तुमच्याकडे पाणी थांबत नाही आणि आमच्याकडे ते हलत नाही. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि एकदा भिजली की फुगून सगळ्या वाटा बंद करते. आमचा शोषखड्डा दुसऱ्याच पावसाळ्यात काठोकाठ भरला आणि अंगणात घाण वास येऊ लागला. आम्ही दोष टाकीला दिला, दोन वर्षे पावडर टाकली (ओळंबा, मी तुमच्या यादीतली गिऱ्हाईक आहे) आणि दोनदा टाकी उपसून घेतली. बिघाड मात्र खड्ड्याचा होता.

शेवटी ज्यांनी आमचे निदान केले त्यांनी आधी चाचणी घेतली. जिथे नवा चर काढायचा होता तिथे तेवढ्याच खोलीचे, वीतभर रुंद भोक पाडून ते रात्रभर पाण्याने भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यात १५ सेंटिमीटर पाणी ठेवून अर्ध्या तासात ते किती उतरते ते पाहिले. २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात असा हिशेब करायचा असतो. ३० मिनिटांपर्यंत असेल तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मिनिटे असतील तर खड्ड्याऐवजी लांब उथळ चर काढावे लागतात, आणि ६० च्या पुढे गेल्यास जमिनीत जिरवण्याचा नाद सोडून दुसरा उपाय शोधावा लागतो. आमचे ५० च्या घरात आले. शेवग्याच्या रांगेलगत दोन चर काढले, तळाला खडी, खडीवर भोकांचा पाइप, वर पुन्हा खडी आणि माती.

याच्या जोडीला आम्ही अंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी टाकीतून काढून वेगळे केले. तुमच्याकडे न्हाणीघर टाकीला जोडलेले आहे, ते सर्वांत आधी तोडा असे मी म्हणेन. सतरा माणसांच्या अंघोळी एका सकाळी अडीच हजार लिटरच्या टाकीतून गेल्या, तर गाळ बसायला वेळ मिळेल कसा? तो ढवळून पाण्याबरोबर खड्ड्यात जातो, आणि एकदा खड्ड्याच्या भिंतीवर त्याचा थर बसला की खड्डा संपला. फ्लशची टाकी गळत नाही ना, हेही पाहा. आमच्या वरच्या संडासाची टाकी भांड्यात बारीक धार सोडत होती, आणि ती दिवसरात्र चालू असूनही महिनाभर कोणाच्या लक्षात आली नव्हती.

आणखी एक. टाकीच्या हवेच्या पाइपाला जाळी आहे का? आमच्याकडे आशाताई दर पावसाळ्यात येऊन तपासतात. जाळी नसेल तर क्युलेक्स डासांना त्यापेक्षा चांगली जागा नाही.

उपसागाडी

माझी स्वतःची उपशाची गाडी आहे, सातारा जिल्ह्यात चालते. ओळंबा साहेबांनी गाडीवाल्यावर ठपका ठेवला, तो मान्य करतो, पण आमची बाजूही सांगायला हवी.

सणात बोलावणे येते तेव्हा घरचे लोक दारात उभे राहून एकच झाकण दाखवतात, तेही जे सहज उघडते ते. दोन हजार लिटरच्या वरच्या टाकीला बहुतेक वेळा मधे भिंत असते आणि दोन कप्पे असतात. घराकडचा पहिला कप्पा मोठा, साधारण दोन तृतीयांश, आणि खरा गाळ त्याच्यात असतो. दुसऱ्या कप्प्यात बऱ्यापैकी निवळलेले पाणी असते. तुमच्या गाडीने दुसऱ्याच कप्प्यातले पाणी ओढले असण्याची शक्यता मला फार वाटते. ४,००० लिटर नेले आणि गाळ जागेवरच राहिला. पहिल्या कप्प्याचे झाकण शोधा. ते बहुधा फरशीखाली, कुंडीखाली किंवा धुण्याच्या दगडाखाली सापडेल. झाकणावर बांधकाम करायचे आणि मग जागा विसरायची, ही आपल्याकडची रीतच आहे.

उपसा नीट करायचा तर आधी वरचे पाणी ओढून घ्यायचे. मग त्यातलेच थोडे पाणी पाइपातून उलट मारून खालचा घट्ट गाळ ढवळायचा आणि तो ओढायचा. चौदा वर्षांचा गाळ चिकणमातीसारखा बसलेला असतो, तो एका दमात निघत नाही. सगळा खरवडूनही काढू नये, थोडा विरजणापुरता ठेवावा. काम संपल्यावर टाकी लगेच पाण्याने भरावी. विशेषतः प्लॅस्टिकची तयार टाकी असेल तर पावसाळ्यात रिकामी ठेवूच नये. भोवतालच्या पाण्याने ती होडीसारखी वर उचलली गेलेली मी स्वतः पाहिली आहे, सगळे पाइप तुटून. म्हणून माझा आग्रह असतो की उपसा मार्च ते मे दरम्यान करून घ्या. गणपतीत आम्ही येतो, पण ती मलमपट्टी असते.

आता जी गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो ती इथेही सांगतो. गाळ निघत नाही म्हणून कोणीतरी "एक माणूस खाली उतरवा, पाचशे जास्त देतो" असे म्हणतो. कोणीही उतरायचे नाही. गाळ ढवळला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि माणसाला वाटते, वास गेला, आता धोका नाही. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातम्यांत नेहमी दोन-तीन जण एकदम जातात ते याचमुळे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो घरमालकालाही लागू आहे, फक्त ठेकेदाराला नाही. शहरी भागात असाल तर १४४२० या क्रमांकावर यंत्राने उपसा करून मागता येतो.

गाडी गाळ कुठे रिकामा करते, हेही विचारत जा. आमच्याकडे वाईत नगरपालिकेचा मैला-गाळ प्रक्रिया प्रकल्प आहे, आणि तिथे प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या फेरीने उपसली जाते, बोलावण्याची वाट पाहत नाहीत. सिन्नरमध्येही तशीच व्यवस्था आहे. खेडेगावात अजून गाड्या रात्री ओढ्याकाठी उभ्या राहतात. मी नावे घेत नाही, धंद्यातलेच लोक आहेत.

माडाखाली

सर्वांचे मनापासून आभार. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस गावी जाऊन आलो, आणि तुम्ही सांगितलेल्या बहुतेक गोष्टी करून पाहिल्या.

उपसागाडी यांचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. पहिल्या कप्प्याचे झाकण धुण्याच्या ओट्याखाली होते. तो ओटा आम्हीच २०१६ साली बांधला होता आणि बांधताना खाली काय आहे याची आठवण कोणालाही नव्हती. अर्धा ओटा फोडावा लागला. आई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

दोन्ही झाकणे उघडी ठेवून आम्ही माडाच्या सावलीत जाऊन बसलो आणि अर्ध्या तासाने मोजले. पाण्याची पातळी बाहेरच्या पाइपाच्या तब्बल ४० सेंटिमीटर खाली होती. शोषखड्ड्याकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी कोळ्याचे जाळे होते, तेही जुने, धुळीने पांढरे झालेले. म्हणजे निदान उन्हाळ्यात तरी त्या पाइपातून कितीतरी दिवसांत थेंबभर पाणी गेलेले नाही. बाबा बराच वेळ त्या जाळ्याकडे पाहत उभे होते.

बांबूला पंचा बांधून पहिल्या कप्प्यात सोडला, तर ६५ सेंटिमीटरपर्यंत काळा झाला. एकूण खोली १.४ मीटर धरली तर हे जवळजवळ निम्मे होते, आणि चिपळूणची गाडी येऊन गेल्यावरही ही स्थिती! दुसऱ्या कप्प्यात गाळ अगदी कमी होता. तिथे बांबू काँक्रीटवर आपटल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होतो, पण आवाज आला नाही. बांबू करकरत थोडा आत रुतला, आणि वर काढल्यावर टोकाला लाल माती व जांभ्याचे खडे चिकटलेले होते. तळ नाही, हे आता मला वेगळे कोणी सांगायला नको.

विहिरीच्या पाण्याची बाटली माडीवरच्या कपाटात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाईसारखी काळी झालेली होती. नळयोजनेचे पाणी एक दिवसाआड येते, सध्या पिण्यासाठी तेच उकळून वापरत आहोत. विहिरीत जलसुरक्षकाने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून दिले आहे.

आता पुढचा प्रश्न: आहे त्याच टाकीला आतून तळ घालून घ्यावा की नवी बांधावी? इथला एक ठेकेदार गाळ उपसून दोन दिवसांत काँक्रीट करून देतो म्हणाला, आणि खर्च अर्थातच कमी आहे.

ओळंबा

त्या ठेकेदाराला नकार द्या. दोन दिवसांत काँक्रीट याचा अर्थ दोन दिवसांत त्या टाकीत माणसे उतरणार, आणि वर काय लिहिले आहे ते आपण सर्वांनी वाचले आहे. गाळ काढला तरी चौदा वर्षे मुरलेल्या तळातून आणि भिंतींतून वायू येतच राहतो. शिवाय ओल्या, मैल्याने माखलेल्या चिऱ्याला गिलावा धरत नाही, पहिल्याच पावसात बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तो सुटतो. वाचवलेले पैसे तिथेच जातील.

नवी टाकी बांधा आणि जागाही बदला. घराच्या दुसऱ्या अंगाला, विहिरीकडे उतार नसलेल्या बाजूला जागा असेल तर ती घ्या. माप तेच ठेवा, दोन कप्पे ठेवा, न्हाणीघर जोडू नका. तळाला आधी काँक्रीट, मग भिंती, आतून पाणी न झिरपणारा गिलावा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या अशा दोन्ही पाइपांना टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) बसवून घ्या, म्हणजे वरची साय बाहेर जाणार नाही. टाकी घराजवळच येणार, तेव्हा हवेचा पाइप घराच्या छपरापेक्षा २ मीटर उंच न्या आणि टोकाला जाळी लावा. स्लॅब टाकल्यावर, माती लोटण्यापूर्वी, टाकी बाहेरच्या पाइपापर्यंत पाण्याने भरून एक दिवस तशीच ठेवा आणि खूण करून ठेवा. पाणी खुणेवर राहिले तरच शेवटचा हप्ता द्या. माझ्या नोकरीत या एका अटीने जितकी कामे सुधारली, तितकी कोणत्याही परिपत्रकाने सुधारली नाहीत.

शोषखड्ड्याबाबत काळीमाती यांची चाचणी तुम्हीही करा, पण एक पथ्य पाळा. कोरड्या मे महिन्यात जांभा वाटेल तेवढे पाणी पितो आणि खोटी आशा लावतो, म्हणून भोक दोन-तीन रात्री भिजवल्यानंतरच मोजा. भूजल पावसाळ्यात जमिनीखाली १.८ मीटरच्या आत येत असेल तर खोल खड्डा उपयोगाचा नाही. शेजारच्या विहिरीची श्रावणातली पातळी कोणालाही तोंडपाठ असेल, ती विचारा. तुमच्या वर्णनावरून मला वाटते की खोल खड्ड्याऐवजी माडांच्या रांगेने उथळ चर काढणे हेच बरे पडेल, आणि ते विहिरीपासून १८ मीटरच्या बाहेर असावेत. जांभ्यात मी २५ धरतो, जागा असेल तर.

जुनी टाकी उपसून झाल्यावर चुना टाकून चिऱ्याच्या तुकड्यांनी आणि मातीने बुजवा, स्लॅब फोडूनच बुजवा. नुसता स्लॅब ठेवून विसरलेल्या टाक्या वीस वर्षांनी गुरांच्या आणि पोरांच्या पायाखाली कोसळतात. उपसताना थोडा गाळ बादलीभर काढून ठेवा, तो नव्या टाकीला विरजण म्हणून कामी येईल, आणि शेजारच्या काकांनाही सांगा की शेणाची गरज पडली नाही.

विहीर लगेच शुद्ध होणार नाही. जुना स्रोत बंद झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्या, मग दिवाळीनंतर आणि पुन्हा पुढच्या पावसाळ्यात बाटली लावा. दोन्ही वेळा पाणी काळे झाले नाही, आणि प्रयोगशाळेचा अहवालही चांगला आला, तरच पिण्याचा विचार करा.

माडाखाली

नव्या टाकीचे खोदकाम २० मे रोजी सुरू झाले आणि स्लॅब ३ जूनला पडला, म्हणजे पाऊस आमच्या मागोमाग आला. पाणी भरून ठेवण्याची अट ठेकेदाराला आवडली नाही, पण पहिल्या दिवशी पातळी खुणेच्या दोन बोटे खाली गेली, तेव्हा त्यानेच मुकाट्याने कोपऱ्यात पुन्हा गिलावा केला. दुसऱ्या वेळी पाणी खुणेवर राहिले. चर घराच्या उत्तरेला, विहिरीपासून २३ मीटरवर काढले आहेत. त्याहून दूर आमची हद्द संपते.

दोन्ही झाकणांवर काही न बांधता ती सहज उघडता येतील अशी ठेवली आहेत आणि आईचा धुण्याचा ओटा नळाजवळ नवा बांधून दिला. पडवीच्या खांबावर बाबांनी ऑइलपेंटने लिहून ठेवले आहे: खांबापासून पहिले झाकण साडेचार मीटर, दुसरे सहा मीटर, पुढचा उपसा एप्रिल २०२८.